चार्ल्स ग्लोव्हर बार्कला

चार्ल्स ग्लोव्हर बार्कला (७ जून १८७७ – २३ ऑक्टोबर १९४४) हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ होते. क्ष-किरणांचे ध्रुवीकरण होते हे त्यांनी प्रयोगाने प्रथम दाखवून दिले. प्रत्येक मूलद्रव्य स्वतःचे ठरावीक वैशिष्ट्यदर्शक क्ष-किरण उत्सर्जित करते, हा त्यांचा दुसरा मोठा शोध होय. या दुसऱ्या शोधासाठी त्यांना १९१७ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. अणूतील इलेक्ट्रॉनांच्या कवचांना आज वापरली जाणारी 'के' आणि 'एल' ही अक्षरे त्यांनीच योजली. लिव्हरपूल, लंडन आणि एडिनबरा येथील विद्यापीठांत त्यांनी अध्यापन व संशोधन केले.

नोबेल पारितोषिकामुळे बार्कला यांचे नाव प्रामुख्याने वैशिष्ट्यदर्शक किरणांशी जोडले जाते. ध्रुवीकरण मोजण्याची त्यांची रीत मात्र दीर्घकाळ पाठ्यपुस्तकातील एक नमुनेदार प्रयोग म्हणूनच परिचित होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्ष-किरण खगोलशास्त्राचा उदय झाल्यावर या रीतीला नवे क्षेत्र मिळाले. न्यूट्रॉन तारे, कृष्णविवरे आणि ताऱ्यांच्या स्फोटांचे अवशेष यांच्याकडून येणाऱ्या क्ष-किरणांचे ध्रुवीकरण मोजणाऱ्या काही उपकरणांचे कार्य याच तत्त्वावर चालते. २०२४ च्या पहिल्या दिवशी अवकाशात गेलेल्या भारताच्या एक्स्पोसॅट या उपग्रहावरील मुख्य उपकरण त्यांपैकी एक आहे.

बालपण आणि शिक्षण

बार्कला यांचा जन्म इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यातील विडनेस या गावी झाला. मर्सी नदीकाठचे हे गाव त्या काळी रासायनिक कारखान्यांसाठी प्रसिद्ध होते. त्यांचे वडील जॉन मार्टिन बार्कला हे अ‍ॅटलस केमिकल कंपनीचे सचिव होते. आई सेरा ग्लोव्हर ही घड्याळे बनविणाऱ्या कारागिराची कन्या होती. लिव्हरपूल इन्स्टिट्यूटमध्ये शालेय शिक्षण झाल्यावर शिष्यवृत्ती मिळवून त्यांनी लिव्हरपूलच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्रवेश घेतला. तेथे ऑलिव्हर लॉज हे त्यांचे गुरू होते. विद्युत्‌चुंबकीय लहरींवरील प्रयोगांमुळे लॉज यांचे नाव तेव्हा सर्वतोमुखी होते. ईथर नावाच्या सर्वव्यापी माध्यमातून या लहरी प्रवास करतात, यावर त्यांचा दृढ विश्वास होता. बार्कला यांची पुढील वैचारिक घडण पाहता या संस्काराचे महत्त्व कमी लेखता येत नाही. १८९८ मध्ये त्यांनी भौतिकशास्त्रात प्रथम श्रेणीत पदवी मिळविली आणि पुढील वर्षी ते पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण झाले.

१८५१ च्या महाप्रदर्शनाच्या निधीतून दिली जाणारी संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्याने १८९९ मध्ये ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाले. कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी निरनिराळ्या जाडीच्या व निरनिराळ्या पदार्थांच्या तारांवरून जाणाऱ्या विद्युत लहरींचा वेग मोजला. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉनाचा शोध लावून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती.

बार्कला यांचा आवाज भरदार आणि खर्जाकडे झुकणारा होता. केवळ गायनाच्या ओढीने त्यांनी सुमारे दीड वर्षानंतर ट्रिनिटी सोडून किंग्ज कॉलेजात प्रवेश घेतला, कारण तेथील प्रार्थनामंदिराचा गायकवृंद नामांकित होता. ते एकल गाणार असले की मंदिर श्रोत्यांनी भरून जात असे, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. प्रयोगशाळेच्या सोयीपेक्षा गायकवृंदासाठी महाविद्यालय बदलणारा नोबेल विजेता विरळाच म्हणावा लागेल. १९०२ मध्ये ऑलिव्हर लॉज यांच्या नावाची अधिछात्रवृत्ती घेऊन ते लिव्हरपूलला परतले आणि १९०९ पर्यंत तेथेच प्रयोगनिर्देशक, सहायक व्याख्याता आणि नंतर प्रगत विद्युतशास्त्राचे विशेष व्याख्याता या पदांवर राहिले. त्यांचे सर्वोत्तम संशोधन याच सात वर्षांतले आहे.

क्ष-किरणांचे कोडे

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले, तेव्हा त्यांचे स्वरूप अज्ञात होते. 'क्ष' हे नावच त्या अज्ञानाचे द्योतक आहे. या किरणांचे भिंगाने वक्रीभवन होत नव्हते, नेहमीच्या आरशावरून परावर्तन होत नव्हते आणि चुंबकाने ते वळतही नव्हते. केंब्रिजचे जॉर्ज स्टोक्स आणि त्यांच्या पाठोपाठ थॉमसन यांनी अशी कल्पना मांडली, की नळीतील वेगवान इलेक्ट्रॉन धातूच्या पत्र्यावर आदळून एकाएकी थांबतात तेव्हा ईथरमध्ये एक अल्पकालीन धक्का उमटतो आणि तोच क्ष-किरण होय. हे खरे असेल, तर क्ष-किरण प्रकाशासारखेच आडव्या कंपनांचे असले पाहिजेत. आडव्या कंपनांचा निर्विवाद पुरावा म्हणजे ध्रुवीकरण. प्रकाशाच्या बाबतीत हा पुरावा स्फटिकांच्या साहाय्याने मिळाला होता, पण क्ष-किरणांवर ती साधने निरुपयोगी ठरत होती.

बार्कला यांनी १९०२ पासून वायूंतून जाणाऱ्या क्ष-किरणांच्या मार्गात आजूबाजूला जे दुय्यम किरण फेकले जातात, त्यांचा अभ्यास हाती घेतला. हवा, हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड यांसारख्या वायूंकडून येणारे दुय्यम किरण भेदकतेच्या दृष्टीने मूळ किरणांसारखेच असतात, असे त्यांना आढळले. त्यांची तीव्रता वायूच्या घनतेच्या प्रमाणात वाढते, हेही दिसून आले. म्हणजे हे किरण नव्याने निर्माण झालेले नसून मूळ किरणच पदार्थातील इलेक्ट्रॉनांवरून विखुरले जात होते. थॉमसन यांच्या प्रकीर्णनाच्या सूत्रात हे मोजमाप घातले, तर एका अणूत किती इलेक्ट्रॉन आहेत हे काढता येते. बार्कला यांचा पहिला अंदाज फार मोठा निघाला. पण १९११ मध्ये सुधारित स्थिरांक वापरून त्यांनी असा निष्कर्ष काढला, की हायड्रोजन वगळता हलक्या मूलद्रव्यांच्या अणूतील इलेक्ट्रॉनांची संख्या अणुभाराच्या साधारण निम्मी असते. अणूच्या रचनेविषयी पुढे जे विचारमंथन झाले, त्यात हा आकडा पायाभूत ठरला.

ध्रुवीकरणाचा शोध

प्रकीर्णन हेच ध्रुवीकरण ओळखण्याचे साधन होऊ शकते, हे बार्कला यांच्या लक्षात आले. त्यामागील विचार असा. लहरीतील विद्युत बल ज्या दिशेने कंप पावते, त्याच दिशेने इलेक्ट्रॉन मागेपुढे हलतो. हलणारा इलेक्ट्रॉन स्वतः किरण फेकतो. मात्र ज्या रेषेत तो हलतो, त्या रेषेच्या दिशेने तो काहीही फेकत नाही. त्या रेषेशी काटकोनात असलेल्या दिशांना सर्वाधिक किरण जातात. त्यामुळे विखुरलेले किरण कोणत्या बाजूला अधिक आणि कोणत्या बाजूला कमी जातात हे मोजले, की येणाऱ्या लहरीच्या कंपनाची दिशा समजते. स्फटिकाची किंवा भिंगाची गरज उरत नाही.

पहिल्या प्रयोगात त्यांनी नळीतून येणारा मूळ किरणच तपासला. इलेक्ट्रॉनांचा झोत एका ठरावीक दिशेने येऊन थांबत असल्याने, त्या झोताशी काटकोनात निघणारे क्ष-किरण अंशतः ध्रुवित असले पाहिजेत, असा त्यांचा तर्क होता. किरणाच्या मार्गात एक प्रकीर्णक ठेवून त्यांनी एक विद्युतदर्शक त्याच्या बाजूला आणि दुसरा त्याच्या वर मांडला. सोन्याचा पातळ वर्ख असलेल्या या उपकरणांत क्ष-किरणांमुळे हवेचे आयनीभवन होते, विद्युतभार गळतो आणि वर्ख हळूहळू खाली येतो. वर्ख किती झपाट्याने खाली येतो, यावरून किरणांची तीव्रता कळते. मग बार्कला यांनी संपूर्ण नळी किरणाच्या अक्षाभोवती ९० अंशांतून फिरविली. एका विद्युतदर्शकाचे मापन वाढले, तर दुसऱ्याचे घटले. नळी पूर्ववत करताच मापनेही उलटली. फरक लहान होता, कारण धातूत शिरलेले बहुतेक इलेक्ट्रॉन थांबण्यापूर्वी इतस्ततः वळतात आणि त्यांच्या दिशेतील शिस्त मोडते. पण तो पुन्हा पुन्हा मिळत होता. या निष्कर्षाची पहिली वार्ता मार्च १९०४ मध्ये 'नेचर' नियतकालिकात आणि सविस्तर लेख १९०५ मध्ये रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मध्ये प्रसिद्ध झाला.

या प्रयोगावर एक आक्षेप घेता येण्यासारखा होता. नळी फिरविल्यावर किरणांच्या झोतातच काही असमानता आली असेल, तर? त्याचे निराकरण १९०६ च्या दुहेरी प्रकीर्णनाच्या प्रयोगाने झाले, आणि तोच बार्कला यांच्या प्रयोगकौशल्याचा कळस मानला जातो. यात त्यांनी क्ष-किरण प्रथम कार्बनच्या एका ठोकळ्यावर पाडले आणि त्यापासून काटकोनात निघणारी अरुंद शलाका निवडली. मूळ किरण आडव्या दिशेने येत असेल, तर ठोकळ्यातील इलेक्ट्रॉन त्या किरणाशी लंब असलेल्या प्रतलात हलतात. बाजूने पाहणाऱ्याकडे त्यांच्या हालचालीचा केवळ वरखाली होणारा भागच पोहोचतो. म्हणजे बाजूने निघालेली शलाका जवळजवळ पूर्णतः ध्रुवित असली पाहिजे. ही शलाका त्यांनी कार्बनच्या दुसऱ्या ठोकळ्यावर पाडली आणि तेथून वरच्या दिशेने व आडव्या दिशेने विखुरणाऱ्या किरणांची तुलना केली. आडव्या दिशेने जाणारे किरण वर जाणाऱ्या किरणांपेक्षा कितीतरी अधिक तीव्र निघाले. पहिल्या ठोकळ्याने शलाका ध्रुवित केली होती आणि दुसऱ्याने ते ध्रुवीकरण उघड केले होते. दोनदा विखुरल्यावर उरणारे किरण अत्यंत क्षीण असतात, हे ध्यानात घेता विद्युतदर्शकाच्या वर्खावर हा फरक टिपणे किती चिकाटीचे काम असेल, याची कल्पना करता येते.

कार्बनची निवडही विचारपूर्वक होती. जड धातूंवर हाच प्रयोग केला असता, दुय्यम किरण सर्व दिशांना सारखेच जात आणि ध्रुवीकरणाचा मागमूस राहत नसे. हलक्या मूलद्रव्यांत किरण विखुरले जातात. जड मूलद्रव्यांत ते बव्हंशी शोषले जातात आणि त्यांच्या जागी वेगळेच किरण बाहेर पडतात. हे वेगळे किरण कोणते, या प्रश्नाने बार्कला यांना त्यांच्या पुढील शोधाकडे नेले.

ब्रॅग यांच्याशी वाद

ध्रुवीकरण सिद्ध झाल्यावर क्ष-किरण लहरी आहेत की नाहीत हा वाद मिटायला हवा होता, पण तसे घडले नाही. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड येथे प्राध्यापक असलेले विल्यम हेन्री ब्रॅग यांनी १९०७ मध्ये क्ष-किरण हे विद्युतभाराच्या दृष्टीने उदासीन अशा कणयुग्मांचे झोत असावेत, असे मत मांडले. त्यांचा आधारही दुर्बल नव्हता. लहर सर्वत्र पसरत जाते, तर मग ती एखाद्याच अणूतून एवढ्या ऊर्जेचा इलेक्ट्रॉन कशी उडवून देते, असा त्यांचा प्रश्न होता. 'नेचर'च्या पानांवर दोघांमध्ये अनेक महिने पत्रोत्तरे झडली. बार्कला यांनी प्रकीर्णनाचे आणि ध्रुवीकरणाचे आकडे पुढे केले. ब्रॅग यांनी आयनीभवनाचे. आजच्या दृष्टीने पाहता दोघांजवळही सत्याचा एकेक भाग होता. १९१२ मध्ये माक्स फॉन लावे यांच्या सूचनेवरून केलेल्या प्रयोगात स्फटिकांतून क्ष-किरणांचे विवर्तन दिसून आले आणि लहरींचा पक्ष तेवढ्यापुरता विजयी झाला. ब्रॅग यांनी आपल्या मुलासह त्याच विवर्तनातून स्फटिकरचनेचे शास्त्र उभे केले.

वैशिष्ट्यदर्शक किरण

१९०६ नंतर बार्कला यांनी आपले सहकारी सी. ए. सॅडलर यांच्यासह जड मूलद्रव्यांच्या दुय्यम किरणांची पद्धतशीर पाहणी केली. त्या वेळी क्ष-किरणांची तरंगलांबी मोजण्याचे साधन अस्तित्वात नव्हते. त्यांनी अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पत्रे एकामागून एक किरणाच्या वाटेत ठेवून तीव्रता किती घटते हे मोजले. मिश्र किरण असतील तर मृदू भाग आधी शोषला जातो आणि पुढील पत्र्यांत घट मंदावते. परंतु लोखंड, तांबे, जस्त यांच्याकडून येणाऱ्या किरणांचा मोठा भाग प्रत्येक पत्र्यात सारख्याच प्रमाणात घटत होता. म्हणजे तो एकजिनसी होता. शिवाय त्याची भेदकता फक्त मूलद्रव्यावर अवलंबून होती. त्यावर पाडलेले किरण कसे आहेत किंवा ते मूलद्रव्य कोणत्या संयुगात आहे, याने काही फरक पडत नव्हता. मूलद्रव्याचा अणुभार जसा वाढे, तशी ही भेदकताही क्रमाने वाढे.

या क्रमात निकेल मात्र बसत नव्हते. त्याच्या किरणांची भेदकता कोबाल्ट आणि तांबे यांच्या दरम्यान येत होती, पण रसायनशास्त्रज्ञांनी ठरविलेला त्याचा अणुभार कोबाल्टपेक्षा थोडा कमी होता. आपल्या मापनांवर पूर्ण भरवसा ठेवून बार्कला यांनी निकेलचा मान्य अणुभारच चुकीचा असावा, असे सुचविले. अणुभार बरोबर होता. चूक होती ती क्रम अणुभारावरून ठरविण्यात. १९१३ मध्ये हेन्री मोझली यांनी किरणांची वारंवारता अणुक्रमांकाशी निगडित असल्याचे दाखविले आणि कोबाल्टला २७ व निकेलला २८ हे स्थान मिळाले. बार्कला यांच्या हातात हा धागा काही वर्षे आधीच आला होता, असे म्हणावयास हरकत नाही.

एकाच मूलद्रव्याकडून कधी कधी दोन वेगवेगळ्या भेदकतांचे एकजिनसी किरण मिळतात, हेही त्यांना आढळले. आरंभी त्यांनी या दोन मालिकांना 'ए' आणि 'बी' अशी नावे दिली. १९११ च्या लेखात ती बदलून अधिक भेदक मालिकेला 'के' आणि कमी भेदक मालिकेला 'एल' म्हटले. वर्णमालेच्या मधली अक्षरे निवडण्याचे कारण साधे होते. दोन्ही बाजूंना आणखी मालिका सापडण्याची शक्यता त्यांना वाटत होती आणि त्यांच्यासाठी जागा राखून ठेवायची होती. एल नंतरच्या मालिका पुढे सापडल्या. के पूर्वीची एकही सापडली नाही, आणि अणूच्या सर्वांत आतल्या कवचाला आजही के कवच म्हणतात. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला ए किंवा वन सोडून के पासून सुरुवात का, असा जो प्रश्न हमखास पडतो, त्याचे उत्तर बार्कला यांच्या या सावधगिरीत आहे.

लंडन, एडिनबरा आणि नोबेल पारितोषिक

१९०९ मध्ये बार्कला लंडनच्या किंग्ज कॉलेजात व्हीटस्टन प्राध्यापक झाले. १९१२ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवडले गेले. १९१३ मध्ये एडिनबरा विद्यापीठाच्या निसर्गतत्त्वज्ञान विषयाच्या अध्यासनावर त्यांची नेमणूक झाली. स्कॉटलंडमधील विद्यापीठांत भौतिकशास्त्राला परंपरेने हेच नाव होते. मृत्यूपर्यंत, म्हणजे एकतीस वर्षे, ते या पदावर राहिले. १९१६ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीचे बेकरियन व्याख्यान दिले आणि १९१७ मध्ये त्यांना ह्यूज पदक मिळाले.

१९१७ सालचे नोबेल पारितोषिक पहिल्या महायुद्धामुळे राखून ठेवण्यात आले होते. ते नोव्हेंबर १९१८ मध्ये, युद्धविराम होता होता, बार्कला यांना जाहीर झाले. मोझली १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या रणभूमीवर मारले गेले होते. ते हयात असते तर हा सन्मान दोघांत विभागला गेला असता का, याविषयी इतिहासकारांनी तर्क केले आहेत. बार्कला यांनी आपले नोबेल व्याख्यान ३ जून १९२० रोजी स्टॉकहोम येथे दिले.

'जे' घटना आणि एकाकीपण

बार्कला यांच्या उत्तरायुष्याचा विषय चरित्रकारांना नेहमीच अवघड गेला आहे. के पेक्षाही अधिक भेदक अशी एक मालिका असल्याची चिन्हे त्यांना १९१६ च्या सुमारास दिसू लागली. राखून ठेवलेल्या अक्षरांपैकी 'जे' हे नाव त्यांनी तिला दिले. इतर प्रयोगशाळांना ती सापडली नाही. मग त्यांनी तिला स्वतंत्र मालिका म्हणणे सोडून 'जे घटना' म्हणण्यास सुरुवात केली. विखुरलेल्या किरणांच्या शोषणात काही विशिष्ट परिस्थितीत एकाएकी उडी दिसते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

१९२३ मध्ये अमेरिकेतील आर्थर कॉम्प्टन यांनी विखुरलेल्या क्ष-किरणांची तरंगलांबी वाढते हे दाखविले आणि त्याचे स्पष्टीकरण फोटॉन व इलेक्ट्रॉन यांच्या टकरीने दिले. विखुरलेले किरण मूळ किरणांपेक्षा मृदू का असतात, याचे उत्तर त्यात होते. बार्कला यांना ते पटले नाही. लहरींच्या बाजूने एकदा जिंकलेला लढा कणांच्या नावाने पुन्हा सुरू झालेला त्यांना मान्य नव्हता. एडिनबरा येथील त्यांचे विद्यार्थी अनेक वर्षे जे घटनेवर प्रबंध लिहीत राहिले. बाहेरच्या संशोधकांनी काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगांत ती दिसली नाही आणि हळूहळू त्या विषयावर वाद घालणेही लोकांनी थांबविले. त्याच विद्यापीठात चार्ल्स गॅल्टन डार्विन आणि १९३६ पासून माक्स बोर्न हे पुंजयामिकीचे जाणकार प्राध्यापक म्हणून काम करीत होते, ही वस्तुस्थिती बार्कला यांचे वैज्ञानिक एकाकीपण अधिकच ठळक करते. केवळ हट्ट म्हणून याची बोळवण करणे मात्र न्याय्य ठरणार नाही. स्वतःच्या मोजमापांवरील ज्या विश्वासाने त्यांना निकेलच्या बाबतीत जगाच्या पुढे नेले, तोच विश्वास येथे त्यांना मागे ठेवून गेला.

अध्यापक म्हणून त्यांनी एडिनबरात भौतिकशास्त्राच्या विशेष पदवी अभ्यासक्रमाची घडी बसविली.

कौटुंबिक जीवन

१९०७ मध्ये बार्कला यांचा विवाह मेरी एस्थर कॉवेल यांच्याशी झाला. त्यांचे सासरे आइल ऑफ मॅन या बेटाच्या शासनात वरिष्ठ अधिकारी होते. या दांपत्याला तीन मुलगे व एक मुलगी झाली. बार्कला हे श्रद्धाळू मेथडिस्ट होते आणि गायनाची आवड त्यांनी अखेरपर्यंत जोपासली. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, त्यांचा धाकटा मुलगा मायकेल हवाई दलाच्या सेवेत असताना मरण पावला. पुढील वर्षी, २३ ऑक्टोबर १९४४ रोजी, एडिनबरा येथील राहत्या घरी बार्कला यांचे निधन झाले.

खगोलशास्त्रातील उपयोग

पृथ्वीचे वातावरण क्ष-किरणांना अडवते. त्यामुळे आकाशस्थ क्ष-किरण पाहण्यासाठी उपकरणे अग्निबाणाने वा उपग्रहाने वर न्यावी लागतात. सूर्यमालेबाहेरचा पहिला क्ष-किरण स्रोत १९६२ मध्ये सापडला. हे किरण तप्त वायूपासून येतात, की चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून, हा प्रश्न लगेच उभा राहिला. ध्रुवीकरणावरून त्याचा निर्णय करता येतो, कारण तप्त वायूच्या विस्कळीत हालचालीतून निघणारे किरण सामान्यतः ध्रुवित नसतात, तर चुंबकीय क्षेत्रातून येणारे असतात. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात रॉबर्ट नोव्हिक यांच्या गटाने साठच्या दशकाच्या अखेरीस अग्निबाणावर लिथियम धातूचे ठोकळे बसविले आणि त्यांच्याभोवती किरण मोजणारे गणक मांडले. लिव्हरपूलच्या प्रयोगातील कार्बनच्या जागी लिथियम आणि वर्खाच्या जागी गणक आले होते. तत्त्व बदलले नव्हते.

१९७१ मध्ये याच गटाने लिथियमचे ठोकळे आणि ग्रॅफाइटचे स्फटिक यांचा एकत्र वापर करून क्रॅब (खेकडा) अभ्रिकेच्या क्ष-किरणांत सुमारे १५ टक्के ध्रुवीकरण नोंदविले. १९७५ मध्ये सोडलेल्या ओएसओ-८ या उपग्रहावरील स्फटिक उपकरणाने तो आकडा २.६ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेला सुमारे १९ टक्के इतका पक्का केला. स्फटिकावरून होणाऱ्या परावर्तनाचा नियम ब्रॅग पितापुत्रांचा. ध्रुवीकरणाच्या मापनात अशा रीतीने बार्कला आणि त्यांचे जुने प्रतिस्पर्धी शेजारी येऊन बसले.

त्यानंतर सुमारे चार दशके हे क्षेत्र रखडले. ध्रुवीकरण मोजण्यास फोटॉनांची फार मोठी संख्या लागते; ते १ टक्का इतके अल्प असेल, तर खात्रीने ओळखण्यासाठी काही लाख किंवा त्याहून अधिक फोटॉन गोळा करावे लागतात. मोठ्या वेधशाळांचा वेळ अनेक संशोधकांत वाटला जातो आणि एकाच स्रोताकडे आठवडेच्या आठवडे पाहत राहणे त्यांना परवडत नाही. याच कामासाठी वाहिलेल्या लहान उपग्रहांनी ही कोंडी फोडली. चीनमधील त्सिंगह्वा विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये पोलरलाइट हे छोटेसे उपकरण एका क्यूबसॅटवरून पाठविले. क्रॅबकडे दीर्घकाळ पाहून त्याने ध्रुवीकरण पुन्हा नोंदविले. जुलै २०१९ मध्ये तेथील स्पंदकाच्या फिरण्याच्या वेगात अचानक बदल झाला, त्यानंतर ध्रुवीकरण काही काळ घटल्याचेही त्याने दाखविले. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिका व इटली यांचा आयएक्सपीई हा उपग्रह निघाला. या दोन्ही उपकरणांत प्रकीर्णनाऐवजी प्रकाशविद्युत परिणाम वापरला आहे. वायूतील अणूतून उडालेला इलेक्ट्रॉन कोणत्या दिशेला जातो, हे त्यात टिपले जाते. २ ते ८ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंतच्या मृदू किरणांसाठी ही रीत अधिक सोयीची आहे. एखाद्या अणूतून इलेक्ट्रॉन उडतो तरी कसा, हाच ब्रॅग यांचा प्रश्न होता.

त्याहून कठोर किरणांसाठी प्रकीर्णनाकडे परतावे लागते. भारतीय अवकाश संशोधन संस्थेने १ जानेवारी २०२४ रोजी श्रीहरिकोटा येथून पीएसएलव्ही-सी५८ या यानाने एक्स्पोसॅट हा सुमारे ४७० किलोग्रॅम वजनाचा उपग्रह सोडला. त्यावरील पोलिक्स हे उपकरण बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने बनविले असून ते ८ ते ३० किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट या पट्ट्यात काम करते. त्यात बेरिलियमची एक चकती आहे आणि तिच्या चारही बाजूंना वायू भरलेले गणक आहेत. आकाशातून आलेला किरण चकतीवर पडतो, काटकोनाच्या आसपास विखुरतो आणि एखाद्या गणकात नोंदला जातो. उपकरण आपल्या दृष्टिअक्षाभोवती फिरत राहते. फिरण्याबरोबर एकाच गणकातील नोंदी वाढत-घटत गेल्या, तर किरण ध्रुवित आहेत असे समजावे. १९०४ मध्ये बार्कला यांनी नळी फिरविली होती. तारा फिरविता येत नाही, म्हणून येथे उपकरण फिरते. बेरिलियम निवडण्याचे कारणही तेच आहे, जे कार्बनच्या बाबतीत होते: हलक्या मूलद्रव्यात शोषणापेक्षा प्रकीर्णनाला अधिक वाव मिळतो.

यापूर्वी २०१५ मध्ये सोडलेल्या भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट या वेधशाळेवरील सीझेडटीआय उपकरणानेही क्रॅबचे ध्रुवीकरण मोजले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने बनलेल्या या उपकरणाच्या उभारणीत पुण्याच्या आयुका या संस्थेचा सहभाग होता. १०० किलोइलेक्ट्रॉन व्होल्टच्या वरच्या ऊर्जांना किरण शोधकाच्या एका घरातून शेजारच्या घरात कोणत्या दिशेने विखुरला, हे त्यात पाहिले जाते. तेथे लागू होणारे प्रकीर्णन कॉम्प्टन यांचे आहे, जे बार्कला यांनी कधी स्वीकारले नाही. ध्रुवीकरणाची खूण मात्र त्यातही त्यांनी दाखविलेलीच आहे: कंपनाच्या रेषेशी काटकोनात अधिक किरण, रेषेच्या दिशेने कमी.

स्मृती

चंद्राच्या पूर्वेकडील भागात लँग्रेनस विवराजवळील एका विवराला बार्कला यांचे नाव दिलेले आहे. लिव्हरपूल विद्यापीठातील भौतिकशास्त्र विभागाचे एक व्याख्यानगृह आणि जीवभौतिकीची एक प्रयोगशाळा त्यांच्या नावाने ओळखली जाते. एडिनबरात कॅननगेट भागात विद्यापीठाच्या इमारतींजवळ त्यांचा स्मृतिफलक बसविण्यात आला आहे.